हॉट अँड कोल्ड एसी घेताय? आधी बाहेरच्या युनिटची जागा ठरवा

एसीच्या दुकानात शिरलं की सगळी चौकशी टनाची, ताऱ्यांची आणि हप्त्याची होते. दुकानदार पत्ता लिहून घेतो, दुसऱ्या दिवशी खोकी घरी येतात आणि तिसऱ्या दिवशी बसवणारी मुलं ड्रिल घेऊन दारात उभी राहतात. विचारतात, "काका, कुठे लावायचा?" मग घरातली सगळी माणसं वर भिंतीकडे बघायला लागतात. त्या पाच मिनिटांत जे ठरतं, ते पुढची दहा वर्षं भिंतीवर राहतं.

मी नाशिकमध्ये एसी बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. पाणी गळतंय, गॅस उतरला, खोली गारच होत नाही, अशा तक्रारींवर गेलो की बहुतेक वेळा मशीन चांगलंच असतं आणि चूक बसवण्यात सापडते. ती चूक खरेदीच्या आधी, टेप आणि पेन्सिल घेऊन तासभर घरात फिरलं तर टळते. तो तासभर कसा वापरायचा, ते इथे सांगतो. नाशिक-पुण्याकडे आता गरम-गार दोन्ही करणारे एसी बरेच घेतले जातात, म्हणून उदाहरण त्याचंच धरलं आहे. नुसता गार करणारा घेत असाल तरी बहुतेक सगळं हेच लागू पडेल.

थोडं यंत्राबद्दल

गार करताना एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हॉट अँड कोल्डमध्ये एक फोर-वे व्हॉल्व्ह असतो. तो फिरला की गॅसची वाट उलटते आणि बाहेरच्या हवेतली उष्णता आत येते. साधा कॉइलचा हीटर एक युनिट वीज घेऊन तेवढीच उष्णता देतो. हा एसी आपल्याकडच्या थंडीत त्याच विजेत साधारण अडीच-तीन पट उष्णता देतो. निफाडला काही वर्षी पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, तिथेही तो चालतो. फक्त बाहेरच्या कॉइलवर दव गोठलं की अधूनमधून काही मिनिटं थांबून ते वितळवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण वितळलेलं पाणी कुठेतरी पडणार आहे.

पहिली पायरी: बाहेरचं युनिट

लोक आधी पलंग बघतात, मग आतल्या युनिटची भिंत ठरवतात आणि बाहेरच्या युनिटचं "बघू, लटकवतील कुठेतरी" म्हणतात. माझं सांगणं उलट आहे. कॉम्प्रेसर बाहेर आहे, वजन बाहेर आहे आणि उष्णताही बाहेरच टाकायची आहे. त्याची जागा आधी नक्की करा, मग त्याच्या पाठीमागच्या किंवा जवळच्या भिंतीवर आतलं युनिट शोधा.

जागा निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: इथे माणूस दोन्ही पाय टेकवून उभा राहू शकतो का? वर्षातून एक-दोनदा पाण्याच्या जेटने कॉइल धुवावी लागते. कधी पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट बोर्ड, बदलायचा असतो. सातव्या मजल्यावर खिडकीच्या बाहेर, हात पोचेल न पोचेल अशा जागी युनिट लावलं, तर प्रत्येक वेळी एका माणसाचा जीव टांगणीला लागतो. सेफ्टी बेल्ट न लावता कुणी बाहेर उतरत असेल तर काम थांबवा. हे मी स्वतः मेकॅनिक असून सांगतो. आमच्यातली मुलं भिडेखातर आणि घाईत नाही म्हणत नाहीत, म्हणून घरमालकाने म्हणायला हवं.

ड्राय बाल्कनी, टेरेस किंवा बिल्डरने सोडलेला एसीचा कट्टा या चांगल्या जागा. युनिटच्या मागे १० ते १५ सेंटिमीटर आणि पंख्याच्या समोर निदान दोन फूट मोकळं असावं. किती हवं ते कंपनीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं, तोच आकडा धरा. ड्राय बाल्कनीला स्लायडिंग काच लावलेली असेल तर विचार करा. पंखा गरम हवा फेकणार, ती काचेला आपटून परत कॉइलमध्ये येणार, आणि दुपारी दोन वाजता, नेमकी गरज असताना, मशीन दमणार. इमारतीच्या अरुंद डक्टमध्येही हेच होतं. तिथे खालच्या चार मजल्यांच्या युनिटांची गरम हवा वर येत असते.

स्टँडचं बघू. बाहेरच्या युनिटचं वजन साधारण २५ ते ३५ किलो, त्यात कॉम्प्रेसरची थरथर. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर फास्टनर पकड घेतात. नव्या इमारतींत मात्र पांढऱ्या, हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. त्यात साधा फास्टनर आज घट्ट वाटतो आणि थरथरीने हळूहळू सैल होतो. अशा भिंतीला आरपार बोल्ट घेऊन आतून पट्टी लावावी लागते, नाहीतर सरळ युनिट खाली स्लॅबवर रबरी पाय देऊन ठेवावं. भिंत कसली आहे ते कळत नसेल तर बिल्डरला किंवा सोसायटीच्या सुपरवायझरला विचारा. कोकणात, समुद्राजवळ राहत असाल तर स्टँड गॅल्व्हनाइज्ड घ्या, कॉइलवर गंजरोधक कोटिंग आहे का ते खरेदीआधी पाहा आणि खाऱ्या वाऱ्याची थेट झोत येणारी बाजू टाळता आली तर टाळा.

दुसरी पायरी: पाण्याची वाट

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं, म्हणून इथे थोडा थांबतो.

पावसाळ्यातल्या दमट दिवशी दीड टनाचा एसी तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी काढू शकतो. ते पाणी कुठल्याही पंपाशिवाय, नुसत्या उताराने बाहेर गेलं पाहिजे. ड्रेन पाइपला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार द्या, मधे कुठेही पोट सुटू देऊ नका. भिंतीतलं भोकही बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं हवं. ड्रिल समोरून सरळ धरल्यासारखं वाटतं, पण स्टुलावर उभ्या माणसाचा हात हळूच खाली झुकतो आणि भोक आतल्या बाजूला उतरतं. मग पहिल्या पावसाळ्यात वॉलपेपर फुगतो.

पाइपचं टोक कुठे सोडणार? ड्राय बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपवर, जाळीच्या किंचित वर, मोकळं. बादलीत सोडलं तर टोक पाण्यात बुडू देऊ नका. हवा अडकून पाणी मागे तुंबतं. सांडपाण्याच्या उभ्या पाइपला थेट जोडू नका. रात्री एसीतून गटाराचा वास येतो अशी तक्रार घेऊन मी एका घरी गेलो होतो. आत काहीच सडलं नव्हतं. ड्रेन पाइप थेट बाथरूमच्या पाइपला जोडलेला होता आणि मधे वास अडवणारा ट्रॅपच नव्हता.

आता हॉट अँड कोल्डची खास गोष्ट. हिवाळ्यात पाणी बाहेरच्या युनिटमधून गळतं. उन्हाळ्यात ते युनिट कोरडं असतं, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका गॅलरीबाहेर असा एसी बसवला. मे महिना होता, सगळं छान झालं. डिसेंबरात खालच्या मजल्यावरच्या आजींचा निरोप आला, "अरे बाळा, आमचे धुतलेले कपडे रोज सकाळी ओले कसे?" वरच्या युनिटच्या तळाच्या भोकातून रात्रभर थेंब थेंब त्यांच्या दोरीवर पडत होता. बाहेरच्या युनिटच्या खोक्यात प्लास्टिकचा एक छोटा एल्बो आणि रबरी बुचं येतात. बसवणारे ती बहुतेक वेळा खोक्यातच विसरतात. मी विसरलो होतो. तो एल्बो तळाला लावा, त्याला पाइप जोडा आणि तोही ट्रॅपपर्यंत न्या. खोकं टाकून देण्याआधी आत हात घालून बघा.

तिसरी पायरी: आतल्या युनिटची भिंत

बाहेरची जागा आणि पाण्याची वाट ठरली की आतल्या युनिटला एक-दोनच भिंती उरतात. त्यातली कुठली चांगली ते ठरवा.

उंची जमिनीपासून साधारण सात ते आठ फूट. छतापासून निदान १५ सेंटिमीटर सोडा, कारण हवा वरून आत ओढली जाते. फॉल्स सीलिंग नंतर करायचं असेल तर त्याची खालची पातळी पेन्सिलने भिंतीवर आजच मारून ठेवा. बाजूंना १०-१५ सेंटिमीटर हवेत. पडद्याच्या बॉक्सला, वॉर्डरोबच्या लॉफ्टला चिकटवू नका. टीव्हीच्या किंवा स्विचबोर्डच्या वर नको. कधी ना कधी थेंब पडतोच.

झोत खोलीच्या लांबीच्या दिशेने जावा आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पडू नये. पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर, पायांकडे झुकतं, हे मला सगळ्यात बरं वाटतं. गरम हवा वर चढते, त्यामुळे हिवाळ्यात झडपा खाली वळवाव्या लागतात. तेव्हा समोर उंच कपाट असेल तर उष्णता कपाटावरच जाते आणि गादी गारच राहते. जागा पक्की वाटली की पुस्तिकेतल्या मापाचा पुठ्ठा कापून चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि एक रात्र तशीच झोपा. उशीवर डोकं ठेवून वर बघितलं की बरंच कळतं.

चौथी पायरी: भोक

पाइप, वायर आणि ड्रेन एकत्र जायला साधारण अडीच इंचाचं भोक लागतं. कोअर कटिंग मशीनने केलेलं भोक स्वच्छ होतं, छिन्नी-हातोड्याने भोवतालचं प्लास्टर उडतं.

बीम आणि कॉलमला हात लावू द्यायचा नाही. आता बऱ्याच टॉवरमध्ये अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, ज्याला सगळे मिवान म्हणतात. तिथे भिंतच इमारतीचा भार घेते, आत सळई असते. अशा घरांत बिल्डर एसीसाठी भिंतीत आधीच स्लीव्ह, म्हणजे आरपार नळीचं भोक, सोडतो. तोच वापरायचा, आणि तो सापडत नसेल तर बिल्डरकडून नकाशा मागून घ्यायचा. "एक भोक मारलं तर काय होतंय" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सोसायटीची परवानगी याच टप्प्यावर लेखी घ्या. दर्शनी भिंतीवर युनिट लावण्याबद्दल बऱ्याच सोसायट्यांचे नियम असतात, आणि लावून झाल्यावर काढायला सांगितलं तर पुन्हा गॅस, पाइप, मजुरी, सगळं अंगावर येतं.

बिल्डरने तांब्याचे पाइप आधीच भिंतीत टाकून दिले असतील तर त्यांची टोकं बघा. बुच लावून किंवा दाबून बंद केलेली असतील तर नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते तपासून घ्या. टोकं उघडी असतील, आत सिमेंटची धूळ दिसत असेल, तर ते पाइप सोडून द्या आणि नवे बाहेरून घ्या. ती धूळ कॉम्प्रेसरपर्यंत पोचते.

पाचवी पायरी: वायर, एमसीबी आणि गिझर

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना साधारण दीड हजार वॅटच्या आसपास वीज घेतो. त्याला डीबीपासून (घरातल्या मेन स्विचच्या पेटीपासून) स्वतंत्र लाइन, ४ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा सॉकेट द्या. टीव्हीच्या बोर्डातून टॅप मारून दिलेली लाइन गरम होते, पहिल्या उन्हाळ्यात सॉकेट काळा पडतो. अर्थिंग मीटरने तपासून घ्या. तीन पिना आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं, जुन्या वाड्यांत आणि चाळीत तर मुळीच नाही. स्टॅबिलायझर लागेल की नाही ते कंपनीने दिलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेवर आणि तुमच्या गावच्या विजेवर ठरतं. संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर घ्या.

उन्हाळ्यात एसी चालू असताना गिझर बंद असतो. हॉट अँड कोल्डचं तसं नाही. जानेवारीत सकाळी सहाला एसी हीटिंगवर, २ किलोवॅटचा गिझर चालू, त्यात स्वयंपाकघरात मिक्सर. सगळे एकदम. तुमच्या वीजबिलावर "मंजूर भार" छापलेला असतो, तो आजच बघा. या सगळ्यांची बेरीज त्याच्या पलीकडे जात असेल तर महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज आधी करा. मेन एमसीबी पडायला लागला म्हणून मोठा एमसीबी बसवून घेऊ नका. वायर तीच राहते आणि तीच जळते.

आता दुकानात जा

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, किलोवॅटमध्ये साधारण साडेतीन. दहा बाय बाराच्या मधल्या मजल्यावरच्या खोलीला एक टन पुरतो. तीच खोली शेवटच्या मजल्यावर, वर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत असेल तर दीड टन घ्या. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे बाहेर किती तापमानापर्यंत मशीन चालेल तो आकडा बघा. उगाच मोठा घेऊ नका. मोठा एसी खोली पटकन गार करून मंदावतो, पण दमटपणा नीट काढत नाही.

स्टार लेबलवर ताऱ्यांसोबत ते कुठल्या काळासाठी आहे तेही लिहिलेलं असतं. निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून जुन्या लेबलचे पाच तारे आणि नव्याचे पाच तारे सारखे नसतात. वर्षाला किती युनिट लागतील हा आकडा तुलनेला जास्त कामाचा. हॉट अँड कोल्डमध्ये हीटिंगची क्षमताही किलोवॅटमध्ये दिलेली असते, ती विचारा.

पैशांचं बोलताना पाइपची लांबी हातात ठेवा. बऱ्याच एसींसोबत साधारण तीन मीटर पाइप येतो. त्यापुढच्या प्रत्येक मीटरचा दर, स्टँड, कोअर कटिंग, ड्रेन पाइप आणि जास्तीचा गॅस, हे सगळं "फ्री इन्स्टॉलेशन"च्या बाहेर असू शकतं. तुम्ही टेपने मोजून गेलात तर आकडा दुकानातच कळतो.

बसवण्याचा दिवस

शेजारी खुर्ची टाकून बसा. चहा द्या आणि चार गोष्टी डोळ्यांनी बघा.

पहिली, फ्लेअर, म्हणजे जोडासाठी फुलवलेलं पाइपचं तोंड. तांब्याचा पाइप कटरने कापला की आतल्या कडेला धारदार कचरा राहतो. तो रीमरने काढताना पाइपचं तोंड जमिनीकडे हवं, नाहीतर कचरा आत पडतो. मग नट आधी सरकवून, टूलने तोंड फुलवायचं. चांगलं फ्लेअर नखाने चाचपलं तर गुळगुळीत लागतं, कुठे चीर नाही, एका बाजूला झुकलेलं नाही. ते बघायला दहा सेकंद लागतात. "दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो" या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा याच दहा सेकंदांत असतं. एसीतला गॅस वापरून संपत नाही, तो गळतोच.

दुसरी, व्हॅक्यूम पंप. पाइप जोडले की त्यातली हवा आणि ओल पंपाने ओढून काढावी लागते, निदान १५-२० मिनिटं. मग पंप बंद करून दहा मिनिटं गेजचा काटा जागेवर राहतो का ते बघायचं. काही जण मशीनमधलाच थोडा गॅस सोडून हवा "ढकलून" काढतात. त्याने ओल आत राहते, तेलाशी मिळून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर दोन-तीन वर्षांत आवाज करायला लागतो. आता बहुतेक नव्या मशीनमध्ये आर ३२ गॅस असतो, तो थोडा ज्वलनशील आहे, त्यामुळे हवेत सोडणं आणखीच चुकीचं. फोनवर बुकिंग करतानाच विचारा, "व्हॅक्यूम पंप आणणार ना?"

तिसरी, इन्सुलेशन. दोन्ही पाइपांना वेगवेगळी काळी नळी हवी, जोडावरसुद्धा. बाहेरून भिंतीत शिरण्याआधी तांब्याचे पाइप खाली वाकवून मग वर न्यायचे, म्हणजे पावसाचं पाणी वाकलेल्या जागेवरून खाली ठिबकतं. भोकाची फट बाहेरून पुट्टीने बंद करून घ्या.

चौथी, पाणी. मशीन चालू करण्याआधी पुढचं कव्हर उघडून आतल्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओता. एकाने आत ओतायचं, दुसऱ्याने बाल्कनीत ट्रॅपपाशी उभं राहायचं. धार लगेच आली आणि आत एक थेंबही भिंतीवरून उतरला नाही, तरच कव्हर लावायचं.

मग कूलिंगवर पंधरा मिनिटं चालवा, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा. हीटिंगही दोन-तीन मिनिटं लावा. सुरुवातीला हवा येणार नाही, घाबरू नका, कॉइल गरम झाल्यावरच पंखा सुरू होतो. भर उन्हाळ्यात एवढीच तपासणी जमते, काही मशीन तर बाहेरच्या उकाड्यात हीटिंग सुरूच करत नाहीत. म्हणून थंडी पडली की पहिल्याच आठवड्यात पूर्ण रात्र हीटिंगवर चालवा आणि सकाळी बाहेरच्या युनिटखाली बघा. बसवलेल्या कामाची हमी किती दिवसांची, ते बिलावर लिहून घेतलेलं असू द्या. त्याच बिलाच्या मागे पाइपची लांबी आणि किती ग्रॅम जास्तीचा गॅस भरला तेही लिहून घ्या. पाच वर्षांनी जो मेकॅनिक येईल, त्याला हेच आकडे लागणार आहेत.